किल्ला पप्पांचा की पोरांचा?

दिवाळी जवळ आली की ऑफिसात दोन टॉपिक ठरलेले. बोनस किती आणि सुट्टी कधी! घरात तीन ते सात वर्षांचं एखादं कार्टं असेल तर तिसराही टॉपिक असतो, किल्ला.

यावर बाजारात शॉर्टकट आहे. प्लास्टर ऑफ पॅरिसचा रेडिमेड किल्ला आणा, टेरेसमध्ये ठेवा, फोटो काढा, झालं! सोय झक्कास, पण यात पोरानं काय केलं? बघितलं.

दुसरा प्रकार त्याहून डेंजर. पप्पा स्वतः मैदानात उतरतात. मग पोरं बिनपगारी मजूर. ‘पाणी आण, दगड आण, अरे हात नको लावू!’ नळदुर्गला माझ्या भावाकडे गेल्या दिवाळीत हेच चाललं होतं. साहेब फोटो समोर ठेवून रायगड करत होते. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेलेल्या १२ किल्ल्यांपैकी एखादा आपल्या अंगणात असावा, ही हौस कुणीही समजू शकेल. पण साडेचार वर्षांची भाची अर्ध्या तासात कंटाळली आणि म्हणाली, “आत्या, आपल्या किल्ल्याला कुठाय एवढा डोंगर?”

पॉइंट होता! गावातला किल्ला रोज डोळ्यांसमोर, आणि अंगणात मात्र सह्याद्री. नळदुर्गची खरी गंमत डोंगरात नाहीच, पाण्यात आहे. बोरी नदीवर दुसऱ्या इब्राहिम आदिलशाहाच्या काळात, १६१३ साली, मुख्य किल्ला आणि समोरचा रणमंडळ यांना जोडणारा दगडी बंधारा बांधला. त्याच्या पोटात पाणी महाल. पावसाळ्यात नदी भरली की जादा पाणी दोन वाटांनी खाली कोसळतं. तेच नर-मादी धबधबे. आणि मधल्या महालात उभा असलेला माणूस कोरडा! साडेचार वर्षांच्या माणसाला याहून भारी काय हवं?

मग आम्ही रायगड थांबवला आणि नळदुर्ग घेतला. तुम्हालाही जमेल. फ्लॅटमध्ये असाल तर एक मोठा पसरट टब पुरे. टबच्या मधोमध मातीची आडवी भिंत घाला. भिंतीत एक छोटी प्लास्टिकची डबी आडवी पुरा, तोंड पुढच्या बाजूला उघडं. हा महाल. डबीच्या दोन्ही बाजूंना, थोड्या वर, एकेक स्ट्रॉ पुढे उतरती बसवा. हे नर आणि मादी. मागच्या बाजूला प्लास्टिकचा कागद लावा, नाहीतर भिंत गळते. डबीत कागदाचा कपटा ठेवा आणि मागून तांब्यानं हळूहळू पाणी ओता.

आमच्याकडची माती काळी. वाळली की आकसते आणि भेगा पडतात. म्हणून तिच्यात रेती आणि गव्हाचा भुसा मिसळायचा. हिरवळीसाठी अळीव आधी भिजवा. ते चिकट होतात, त्यामुळे उतारावरही टिकतात. उगवायला चार-पाच दिवस लागतात, तेव्हा वसुबारसेच्या आठवडाभर आधी लागा कामाला.

पहिल्यांदा पाणी ओतलं आणि बंधारा सरळ वाहून गेला. भाऊ पुढे सरसावला, “थांब, मी करून देतो.” वहिनीनं त्याला चहा करायला आत पाठवलं! भाचीनं स्वतः भिंत जाड केली. दुसऱ्यांदा एकाच स्ट्रॉतून पाणी आलं. तिनं वाकून दोन्ही स्ट्रॉ बघितल्या. एक वर होती. ती खाली दाबली. तिसऱ्यांदा दोन्ही धारा सुटल्या आणि तिनं डबीत बोट घालून कपटा बाहेर काढला. कोरडा! “पप्पाऽऽ, भिजला नाही बघा की!” पप्पा चहा टाकून पळत आले. मग दोघं तासभर पाणीच ओतत बसले, आणि या वेळी तांब्या भरून आणायचं काम पप्पांकडे होतं.

आता प्रश्न महाराजांचा. हे बांधकाम आदिलशाहीतलं, असं पोरांना जरूर सांगा. तरीही भाचीनं महाराजांना उपळ्या बुरुजावर बसवलं, कारण तो सगळ्यात उंच. दिवाळीच्या किल्ल्यावर महाराज हवेतच. वाद घालू नका!

मंडळी, वर्षभर आपण पोरांना रात्री झोपताना भेटतो. दिवाळीचे चार दिवस मिळतात, तेही आपण परफेक्ट बुरूज करण्यात घालवायचे? तुमचा बुरूज शेजाऱ्यांना दिसेल, पण भिंत का फुटली हे पोराला कळायचं असेल तर ती त्याच्याच हातून फुटायला हवी. तेव्हा या वर्षी प्रोजेक्ट मॅनेजर तुम्ही नाही. तुम्ही पाणी भरायला. आणि हो, अंगणात उतरण्याआधी मोबाईल घरात ठेवा, चिखलाचे हात खिशात जात नाहीत!