पोरींच्या पुस्तकावर राग कशाला?

भाऊबीजेला साताऱ्यास बहिणीकडे गेलो, तो ओवाळण्याआधीच वाद पेटला. तिची नात सारा मास यांची ‘अ कोर्ट ऑफ थॉर्न्स अँड रोझेस’ (२०१५) घेऊन बसलेली. सांगलीहून आलेले दादा कडाडले, ‘‘असल्या मायावी प्रेमकथांनी पोरी बिघडतात!’’

दादा, सांगलीतच जन्मलेल्या खांडेकरांची ‘ययाति’ (१९५९) वाचून आपण बिघडलो का? तिच्यातही शाप आहे, वासना आहे. तिला तर १९७४ चे ज्ञानपीठ मिळाले. कृष्णाकाठी साती आसरांची ओटी भरणाऱ्या आपल्या आयाबायांनाही देखणी, भयंकर दैवते नवी नाहीत.

या कादंबरीतली शिकारी मुलगी परीलोकातला लांडगा मारते आणि भरपाई म्हणून तिकडे नेली जाते. पुढे जीव वाचवण्याच्या बदल्यात महिन्याचे दोन आठवडे मागणाऱ्या रात्रीच्या राजाला ती एका आठवड्यावर आणते! पळवून नेणारा नायक मलाही रुचत नाही. पण माझ्या मते पोरींना भुरळ पडते ती त्याच्या रूपापेक्षा तिच्या घासाघिशीची. आपण पोहे खाता खाता मुलीला स्वयंपाक येतो का, एवढे विचारतो; तिच्या अटी कोण विचारतो? आधी त्या विचारा, दादा. मग पुस्तक खुशाल हिसकावून घ्या.