विश्लेषण : ‘सायटेशन’च्या आकड्याने शास्त्रज्ञाचे मोठेपण मोजता येते का?

‘जगातील आघाडीचे दोन टक्के शास्त्रज्ञ’ ही स्टॅनफर्ड विद्यापीठातील प्राध्यापक जॉन आयोनिडिस यांच्या गटाची यादी दरवर्षी येते आणि महाविद्यालयांच्या समाजमाध्यमांवर अभिनंदनाच्या पोस्ट झळकू लागतात. या यादीचा पाया ‘सायटेशन’ हा आहे. पण हा आकडा नेमके काय सांगतो? रक्ताच्या कर्करोगावरील उपचारांची दिशा बदलणाऱ्या डॉ. जॅनेट राउली यांच्या कारकीर्दीवरून ते समजून घेऊ.

सायटेशन म्हणजे काय?

एका संशोधकाने आपल्या शोधनिबंधात दुसऱ्याच्या निबंधाचा संदर्भ दिला, की त्या दुसऱ्या निबंधाच्या खात्यात एक सायटेशन जमा होते. त्यावर आधारलेला ‘एच-इंडेक्स’ हा निर्देशांक जॉर्ज हिर्श यांनी २००५ मध्ये मांडला. एखाद्याच्या २० निबंधांना प्रत्येकी किमान २० सायटेशन असतील, तर त्याचा एच-इंडेक्स २०. म्हणजेच एकाच निबंधाला पाच हजार सायटेशन मिळाली, तरी त्यामुळे हा निर्देशांक फार तर एकाने वाढतो.

राउली कोण होत्या?

जन्म १९२५, न्यूयॉर्क. शिकागो विद्यापीठाच्या वैद्यकीय वर्गात ६५ पैकी तीनच जागा मुलींना होत्या. त्या भरल्याने राउली यांना प्रवेशासाठी नऊ महिने थांबावे लागले. १९४८ मध्ये त्या डॉक्टर झाल्या. चार मुलांना वाढवताना अनेक वर्षे त्यांनी आठवड्यातून तीनच दिवस काम केले. गुणसूत्रांची छायाचित्रे कात्रीने कापून, घरच्या जेवणाच्या टेबलावर मांडून त्या जोड्या लावत. निबंधांची संख्या मोजणाऱ्या आजच्या निवड समितीपुढे त्यांचा त्या काळातील अर्ज कदाचित मागेच पडला असता.

त्यांचा शोध काय होता?

‘क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमिया’च्या (सीएमएल) रुग्णांच्या पेशींत एक गुणसूत्र नेहमीपेक्षा लहान असते, हे पीटर नोवेल आणि डेव्हिड हंगरफर्ड यांनी १९६० मध्ये दाखवले होते. त्याला ‘फिलाडेल्फिया गुणसूत्र’ म्हणतात. त्याचा तुकडा हरवतो, असा समज होता. राउली यांनी १९७३ मध्ये ‘नेचर’मध्ये दाखवले, की २२ क्रमांकाच्या गुणसूत्राचा तुकडा हरवत नाही, तो ९ क्रमांकाच्या गुणसूत्राला जाऊन चिकटतो. या निबंधावर एकट्या राउली यांचेच नाव आहे. १९७७ मध्ये त्यांनी रक्तकर्करोगाच्या आणखी एका प्रकारात १५ आणि १७ क्रमांकांच्या गुणसूत्रांमधील अशीच अदलाबदल नोंदवली.

त्याची लगेच दखल घेतली गेली का?

नाही. गुणसूत्रांतील बदल हा कर्करोगाचे कारण नसून परिणाम आहे, असे तेव्हा बहुतेक तज्ज्ञ मानत. चिकटलेल्या जागी ‘बीसीआर’ आणि ‘एबीएल’ ही दोन जनुके जोडली जातात आणि त्यातून तयार होणारे प्रथिन पेशींना अनियंत्रित वाढायला लावते, हे १९८०च्या दशकात उलगडले. आज १९७३च्या त्या निबंधाला हजारो सायटेशन आहेत, पण पहिल्या दोन-तीन वर्षांच्या सायटेशनवरून त्याचे महत्त्व ठरवता आले नसते.

रुग्णांना फायदा कधी झाला?

याच प्रथिनाला रोखणाऱ्या ‘इमॅटिनिब’ला अमेरिकेत मे २००१ मध्ये मंजुरी मिळाली, म्हणजे राउली यांच्या निबंधानंतर २८ वर्षांनी. चाचणीत हे औषध सुरुवातीपासून घेणाऱ्यांपैकी ८९ टक्के रुग्ण पाच वर्षांनंतर हयात होते. भारतात हेच औषध ‘ग्लिव्हेक’ खटल्यामुळे चर्चेत आले. सर्वोच्च न्यायालयाने १ एप्रिल २०१३ रोजी नोव्हार्टिसला त्याच्या सुधारित रूपाचे पेटंट नाकारले. तेव्हा मूळ ब्रँडचा महिन्याचा खर्च सुमारे सव्वा लाख रुपये, तर जेनेरिक औषधाचा साधारण दहा हजारांच्या आत होता. निकालामुळे स्वस्त औषधाचा मार्ग खुला राहिला.

आकडा कुठे कमी पडतो?

संदर्भ कौतुकासाठी दिला की चूक दाखवण्यासाठी, हे आकडा सांगत नाही. स्वतःच्याच निबंधांचे संदर्भ देऊन तो वाढवताही येतो. उलट, शोध फार मूलभूत ठरला तर तो पाठ्यपुस्तकात जातो आणि मूळ निबंधाचा संदर्भ देणे थांबते. समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट मर्टन यांनी याकडे लक्ष वेधले होते. सीएमएलच्या निदानासाठी ‘बीसीआर-एबीएल’ चाचणी लिहून देणारा डॉक्टर राउली यांच्या निबंधाचा संदर्भ देत नाही. त्या चाचणीची नोंद कोणत्याही सायटेशनमध्ये होत नाही.

मग मोजायचे कसे?

केवळ नियतकालिकाच्या नावावरून वा त्याच्या निर्देशांकावरून संशोधकाला जोखू नये, निबंधातील मजकूर पाहावा, अशी शिफारस २०१२च्या ‘सॅन फ्रान्सिस्को जाहीरनाम्या’ने केली. आपल्याकडे ‘एनआयआरएफ’ क्रमवारीतही प्रकाशने आणि सायटेशनना गुण असल्याने हा मुद्दा महत्त्वाचा ठरतो. सायटेशन उपयोगी आहेत, मात्र निबंध किती जुना आहे, संदर्भ कोणी दिले आणि त्या कामाचा प्रयोगशाळेबाहेर काय उपयोग झाला, हे सोबत पाहायला हवे. राउली यांना लास्कर पुरस्कार मिळाला तो १९९८ मध्ये, शोधानंतर २५ वर्षांनी. २०१३ मध्ये त्यांचे निधन झाले.