पहिल्या दिवशी डबा उघडू नका



येत्या वसंतात आपल्या मंडळाची जपानची सहल काढावी असं घाटतं आहे. त्याचा फॉर्म मागच्या अंकाबरोबर घरोघरी पोचला असेलच. त्यातला शेवटचा प्रश्न असा: 'सहलीत सर्व जेवणं भारतीय हवीत का? होय / नाही.' परत आलेल्या बहुतेक फॉर्मांवर 'होय'वर खूण आहे असं आम्हाला कळलं. काहींनी तर खाली अधोरेखित करून 'आचारी बरोबर न्यावा' असंही सुचवलं आहे.

आम्ही उभयता गेल्या वर्षी एप्रिलमध्ये मुलगा, सून आणि नऊ वर्षांची नात यांच्याबरोबर जपानला जाऊन आलो. म्हणून फॉर्मवर खूण करण्याऐवजी हे चार शब्द लिहितो आहोत. आमचं म्हणणं एवढंच आहे: पहिल्या दिवशी तरी डबा उघडू नका.

आमच्या बॅगेत काय नव्हतं! चाळीस थेपले, दशम्या, शेंगदाण्याची चटणी, गरम पाणी ओतून होणारे पोहे आणि उपम्याची पाकिटं. (नव्या मंडळींसाठी सूचना: ताजी फळं, भाज्या, कढीपत्ता सरकारी प्रमाणपत्राशिवाय जपानमध्ये नेता येत नाहीत आणि मांसाचे पदार्थ तर जवळपास नाहीतच.) आमच्यापैकी एकाचं माहेर पुण्याचं आणि दुसऱ्याचं घर मालवणकडचं, त्यामुळे एका ताटात मासा चालतो आणि दुसऱ्यात नाही. चाळीस वर्षांचा संसार या तोडग्यावर सुखाने चालला आहे.

टोकियोला सकाळी उतरलो. हॉटेलची खोली दुपारी तीनशिवाय मिळणार नव्हती आणि सामान आधीच ठेवून घेतलं गेलं होतं. म्हणजे डबा कुलपात आणि आम्ही रस्त्यावर! तिथे सकाळचे नऊ वाजले होते, मँचेस्टरला रात्रीचा एक. पोटाला नाश्ता हवा की झोप, हे त्याचं त्यालाच कळत नव्हतं. शेवटी सून कोपऱ्यावरच्या दुकानातून ओनिगिरी घेऊन आली. ओनिगिरी म्हणजे भाताची त्रिकोणी मूद, बाहेरून समुद्रातल्या शेवाळाचा काळा कागदासारखा पापुद्रा. आत काय आहे ते वेष्टनावर जपानीत लिहिलेलं असतं. सुनेने फोनवर भाषांतर करून उमेबोशी घातलेली निवडली. उमेबोशी हे जर्दाळूच्या जातीचं खारवलेलं फळ. पहिला घास घेतला आणि डोळे आपोआप मिटले, इतकं ते आंबट आणि खारट! दुसऱ्या घासाला मात्र घरातल्या पुणेकरणीचा चेहरा उजळला. "अहो, हे तर आपलं उपासाचं लिंबाचं लोणचं!" रस्त्याकडेच्या बाकावर बसून आम्ही भात-लोणचं खाल्लं, आणि तोवर परकं वाटणारं ते शहर जरा जवळचं झालं.

त्यानंतर आसाकुसाला गेलो. सेन्सोजी हे तिथलं मोठं देऊळ. त्याच्या वाटेवर आपल्या तुळशीबागेसारखी दुकानांची रांग आहे. तिथे साच्यात भाजलेले छोटे केक गरमागरम मिळतात. त्यांच्या पिठात अंडं असतं, तेव्हा ज्यांना चालत नाही त्यांनी तांदळाच्या पिठाचा पांढरा 'दाइफुकु' घ्यावा. आतलं सारण दोन्हींत बहुधा तेच: लाल चवळीसारखे अझुकीचे दाणे शिजवून, वाटून, साखर घालून आटवलेले. मंडळी, याला आपण पुरण म्हणतो! वेलदोडा-जायफळ तेवढं नाही. आमच्या नातीला होळीला पुरणपोळी खाऊ घालताना आम्हाला नाकी नऊ येतात. तिने इथे तीन दाइफुकु खाल्ले.

त्याच भागात दहा मिनिटांच्या चालीवर मात्सुचियामा शोदेन नावाचं एक शांत देऊळ आहे. आतला देव कांगितेन, म्हणजे बौद्ध धर्माबरोबर चीनमार्गे जपानला गेलेला आपला गणपती. मूर्ती झाकलेली असते, दर्शन होत नाही. आणि नैवेद्य काय? पांढरा मुळा! भाविक मुळा विकत घेऊन देवापुढे ठेवतात. देवळावर जिथे तिथे दोन मुळ्यांचं चिन्ह कोरलेलं आहे. मोदक कुठे गेला म्हणाल, तर तोही आहे. क्योतोला 'कांगिदान' नावाची पुरचुंडी मिळते: आत गोड सारण, वर मोदकासारखी चुणीदार गाठ आणि तिळाच्या तेलात तळलेली. बाप्पाने परदेशी जाऊन आपला मोदक सोडला नाही, पण तिथला मुळाही नाकारला नाही. आम्हाला जे सांगायचं आहे ते त्याने आधीच करून दाखवलं आहे.

आता कठीण भागाकडे येतो, कारण सगळं गोड होतं असं लिहिलं तर ते खरं ठरणार नाही.

दुपारी सोबा, म्हणजे कुट्टूच्या पिठाच्या शेवया, खायला बसलो. वाडगा पुढे येताच एकाला मालवणचं घर आठवलं आणि दुसरीने चमचा खाली ठेवला. जपानी स्वयंपाकाचा पाया म्हणजे 'दाशी' हे पाणी. ते बहुतेक वेळा कोंबू नावाचं शेवाळ आणि वाळवून धुरावलेल्या बोनिटो माशाचा कीस यांपासून करतात. सूप, शेवया, उकडलेली भाजी, भज्यांबरोबरची चटणी, सगळीकडे दाशी असते. मासा दिसत नाही, पण असतो. 'यात मांस आहे का?' असं विचारलं की वाढणारी बाई प्रामाणिकपणे 'नाही' म्हणते, कारण माशाचं पाणी हे तिच्या लेखी मांस नव्हे. तेव्हा आपल्यातल्या शाकाहारी मंडळींची काळजी खोटी नाही.

परंतु तिथेच दुसरी वाटही आहे. बौद्ध मठांतलं 'शोजिन र्योरी' हे जेवण पूर्ण शाकाहारी असतं. त्यातली दाशी कोंबू आणि वाळवलेल्या अळंब्यांची, आणि त्यात कांदा-लसूणही वर्ज्य. आपल्या आजीचा चातुर्मासच म्हणा ना! कोया पर्वतावर मठांमध्ये मुक्कामाची सोय आहे आणि तिथे हेच जेवण मिळतं. त्याच ठिकाणी कोयासान विद्यापीठात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा पुतळा आहे, 2015 साली महाराष्ट्राच्या तेव्हाच्या मुख्यमंत्र्यांच्या हस्ते त्याचं अनावरण झालं. सहलीत हे ठिकाण घ्यावंच अशी आमची आग्रहाची विनंती आहे.

शाकाहार हा फक्त आपलाच मक्ता आहे, असंही समजू नये. जपानमध्ये सम्राट तेन्मूने 675 साली गाय, घोडा, कुत्रा, माकड आणि कोंबडी खाण्यावर बंदी घातली होती. पुढे 1872 साली सम्राट मेइजींनी गोमांस खाल्ल्याचं जाहीर झालं, तेव्हा ती देशात मोठी बातमी ठरली. फार लांब कशाला, आपल्या शेजारच्या सॅल्फर्डमध्ये 1809 साली विल्यम काउहर्ड नावाच्या धर्मोपदेशकाने मांस न खाणाऱ्यांचा चर्च-पंथ काढला. 1847 साली इंग्लंडात शाकाहारी संस्था स्थापन झाली, तिची पहिली वार्षिक सभा पुढच्या वर्षी मँचेस्टरलाच भरली. आपण इथे येण्याच्या कितीतरी आधी या गावात वरण-भाताला पाठीराखे होते!

आता ज्या प्रसंगामुळे हा लेख लिहायला घेतला तो सांगतो. पहिल्याच दिवशी संध्याकाळी मुलाने हॉटेलजवळच्या एका लहानशा खाणावळीत नेलं. ताटाबरोबर एका वाटीत 'नात्तो' आला. नात्तो म्हणजे आंबवलेले सोयाबीन. चॉपस्टिकने उचलले की लांबच लांब तारा सुटतात, आणि वास असा की विचारू नका. दिवसभराच्या शिणवट्यात आम्हा दोघांचाही हात एकदमच नाकाकडे गेला. तोंडातून 'शी!' निघालं, चांगलं मोठ्याने. पलीकडच्या टेबलावर एक म्हातारे गृहस्थ तोच नात्तो भातावर घालून खात होते. त्यांनी वर पाहिलं आणि पुन्हा मान खाली घातली.

नात आमच्याकडे बघत होती. ती हळूच म्हणाली, "आजी, बाबाच्या डब्याला शाळेत असंच करायचे ना?"

पुढचा घास घशाखाली उतरेना. ती गोष्ट आम्हीच तिला दहा वेळा सांगितलेली. तिचा बाबा सात वर्षांचा असताना भेंडीची भाजी आणि पोळी शाळेत नेत असे. एके दिवशी डबा जसाच्या तसा परत आला, दुसऱ्या दिवशीही तसाच. आठवड्याने कळलं की पोरं नाक दाबून टेबल सोडून जातात. त्यानंतर दहा वर्षं त्याने जॅम-सँडविच नेलं. फोडणी देताना आम्ही खिडकी उघडायची की लावायची याचा विचार करत असू. उघडली तर शेजारी नाराज, लावली तर कोटांना वास. तुमच्यापैकी अनेकांकडे असेच किस्से असतील. 1990च्या दशकात युरोपच्या नियमांपायी बोंबील येणं काही काळ बंद झालं, तेव्हा आपल्या कोकणी मंडळींनी केवढी हळहळ केली होती! आपल्या घासाला कोणी नाक मुरडलं की काय वाटतं हे आपल्याला कोणी शिकवायला नको. आणि तरीही टोकियोच्या पहिल्याच संध्याकाळी आम्ही तेच केलं, आणि तेही नातीसमोर.

नात्तो मग आम्ही खाल्ला. भाताबरोबर, दोन दोन घास. आवडला नाही. आजही आवडणार नाही. पण न आवडणं वेगळं आणि 'शी' म्हणणं वेगळं, एवढं आम्ही त्या रात्री शिकलो. उठताना त्या गृहस्थांना मान लववून नमस्कार केला. त्यांनीही केला.

म्हणून आमचं मत असं आहे की व्रत पाळावं आणि सवय घरी ठेवावी. मांस-मासे न खाणं हे ज्यांचं व्रत आहे त्यांनी ते अजिबात सोडू नये. आनंदीबाई जोशी 1883 साली अमेरिकेला गेल्या आणि पंडिता रमाबाई त्याच वर्षी इंग्लंडला आल्या, त्या दोघींनी आपला शाकाहार टाकला नाही, आणि तेव्हा तर पाकिटातले पोहेही नव्हते! पण 'मला गरम पोळीच लागते', 'थंड भात चालत नाही', 'हे काळं काळं काय आहे?' हे व्रत नव्हे, ही सवय. सवयीसाठी आचारी सात समुद्रापार न्यायचा, तर मग मँचेस्टरलाच बसून जपानची चित्रफीत पाहिलेली काय वाईट?

काही सभासद म्हणतात, 'एवढे पैसे भरून उपाशी का राहायचं?' उपाशी राहू नये. ज्येष्ठांच्या गोळ्या जेवणाशी बांधलेल्या असतात, मधुमेहींना वेळ चुकवून चालत नाही, त्यांच्या पिशवीत थेपला असलाच पाहिजे. आमच्याही होता आणि रात्री अकराला तो खाल्ला. पण दिवसभराच्या नव्या चवींनंतर तो गोड लागला. सकाळीच डबा उघडला असता, तर उमेबोशीही नाही, पुरणही नाही आणि कदाचित बाप्पाचा मुळाही नाही.

कार्यकारिणीला आमच्या सूचना थोडक्यात अशा: पहिल्या दिवसाचं जेवण तिथलंच असावं, त्यानंतर रोज एक जेवण भारतीय ठेवायला हरकत नाही. 'मांस, मासा आणि माशाची दाशी चालत नाही' असं जपानीत छापलेलं कार्ड प्रत्येक शाकाहारी सभासदाला द्यावं. कोया पर्वतावर एक मुक्काम ठेवावा. आणि निघण्यापूर्वी एका रविवारी सर्वांना चॉपस्टिक धरायला शिकवावं. त्या भातात उभ्या खोचायच्या नाहीत, ते तिथे मृताच्या नैवेद्याला करतात, आपण दक्षिणेकडे तोंड करून पान मांडत नाही तसंच. शेवयांचा भुरका मात्र खुशाल मारावा, तिथे त्याला कोणी हसत नाही. इंग्रजांच्या धाकाने आपण कढीचा भुरका विसरलो, तो टोकियोत परत मिळेल!

आणि ज्यांना काहीच जमणार नाही त्यांच्यासाठी जपानमध्ये 'कारे राइसु' आहेच. ही करी तिथे गेली ती थेट आपल्याकडून नव्हे. एकोणिसाव्या शतकात इंग्रजांच्या करी पावडरीतून गेली, जपानी आरमाराने उचलली आणि घराघरांत पोचली. आज तीच मँचेस्टरच्या सुपरमार्केटात 'कात्सु करी' म्हणून विकायला आहे. आपला मसाला जग फिरून शेजारच्या फडताळावर येऊन बसला, वाटेत कोणीतरी कुठेतरी पहिला घास घेतला म्हणून. (तिच्यात बहुधा मांसाचा अंश असतो, कार्ड दाखवायला विसरू नका.)

तेव्हा मंडळी, शेवटच्या प्रश्नावर आम्ही 'होय'ही लिहिलेलं नाही आणि 'नाही'ही नाही. समासात 'दुसऱ्या दिवसापासून' असं लिहून फॉर्म परत पाठवला आहे. पटलं तर तुम्हीही तसंच लिहा. पटलं नाही तर पुढच्या अंकासाठी उत्तर जरूर पाठवा, भांडायला आम्ही दोघेही घरीच आहोत.