येणारे मोजणारा

या सदराच्या जुन्या वाचकांना ठाऊकच आहे की, अस्मादिकांचा व्यायामाशी संबंध क्रियापदे चालवण्यापुरताच येतो. तेव्हा येत्या मार्गशीर्षात आम्ही तीन दिवस समुद्रातून वल्हवत हर्णैहून वेळणेश्वरला जाण्याचा बेत आखला, असे सांगितले तर 'मास्तरांना फराळ बाधला' असेच ते म्हणतील. आमच्या घरातूनही याहून सौम्य अभिप्राय आला नाही.

बेताचे मूळ आमची कन्या. ती गेली दोन वर्षे कयाक चालवायला शिकते आहे. कयाक म्हणजे मूळची आर्क्टिककडल्या इनुइट शिकाऱ्यांची, सीलच्या कातड्याने मढवलेली चिंचोळी होडी. हल्ली ती प्लास्टिकची किंवा फायबरची मिळते. कौस्तुभ खाडे यांनी २०१५ साली अशाच होडीतून मुंबई ते गोवा असा प्रवास एकट्याने केला, तेव्हापासून आपल्याकडच्या तरुण मंडळींना याचे वेड लागले आहे. कन्येच्या जोडीला तिची मैत्रीण, आमचे दोन माजी विद्यार्थी आणि आमचे रसायनशास्त्राचे स्नेही तयार झाले. सहावा मी. नाव वल्हवण्यात कन्या सर्वांत तरबेज, म्हणून पुढारीपण तिच्याकडे. आखणी मात्र माझ्याकडे आली, कारण ते काम कागदावर करायचे होते.

आणि वाचकहो, त्या कामात मी रमलो. श्रावणभर पंचांग उघडे ठेवून बसलो होतो. आपल्या कोकणकिनाऱ्यावर एक जुना ठोकताळा आहे: तिथीला पाऊणने गुणावे, म्हणजे पूर्ण भरतीची वेळ साधारण निघते. नवमीला पावणेसात, दशमीला साडेसात, एकादशीला सव्वाआठ. शिवाय या तिथींना भांगाचे दिवस असतात. पौर्णिमा-अमावास्येच्या उधाणासारखे पाणी तेव्हा फार चढत नाही, फार उतरत नाही आणि खाडीच्या तोंडाशी ओढही बेताची असते. शुक्ल पक्ष धरला की रात्री मुक्कामाला चांदणे फुकट. म्हणून मार्गशीर्ष शुद्ध नवमीला निघायचे ठरले. तिसरा दिवस मोक्षदा एकादशीचा येतो. आमचे स्नेही म्हणाले, "उपासाला हरकत नाही, पण मोक्ष इतक्यात नको."

मग वाऱ्याचा विचार. हिवाळ्यात पहाटे जमिनीवरून समुद्राकडे मतलई वारा सुटतो, तो हलका असतो. दुपार झाली की वायव्येकडून खारा वारा जोर धरतो. म्हणून उत्तरेकडून दक्षिणेकडे जायचे, म्हणजे वारा पाठीशी राहतो. पहाटे निघायचे आणि अकराच्या आत वाळूला लागायचे. कयाक ताशी चार-पाच किलोमीटर जाते. पण जथ्याचा वेग म्हणजे त्यातल्या सर्वांत संथ माणसाचा वेग, हे गणित कोणत्याही वर्गशिक्षकाला शिकवावे लागत नाही. त्या हिशेबाने पहिला दिवस हर्णैचा सुवर्णदुर्ग मागे टाकून कोळथरेपर्यंत, सुमारे अठरा किलोमीटर. दुसरा दिवस दाभोळच्या खाडीचे तोंड ओलांडून गुहागरला, साधारण तेवढाच. ही सर्वांत अवघड मजल. दशमीला साडेसहाला निघालो तर भरती पूर्ण होऊन पाणी नुकतेच वळत असताना आम्ही खाडीच्या मुखाशी पोचतो. पलीकडे अंजनवेलला गॅसची मोठी जहाजे लागतात, त्या धक्क्यापासून चांगले लांब राहायचे. तिसरा दिवस उपासाचा म्हणून मुद्दाम आखूड ठेवला: गुहागर ते वेळणेश्वर.

तंबू ठोकणे हे वाटते तितके स्वैर काम नाही. १९९३ साली रायगडच्या शेखाडीला स्फोटके उतरली आणि २००८ साली मुंबईवरचे हल्लेखोर समुद्रातून आले. तेव्हापासून संध्याकाळी वाळूवर उतरणाऱ्या अनोळखी माणसाकडे गाव संशयाने पाहतो, आणि ते योग्यच आहे. म्हणून दोन्ही मुक्कामांच्या ग्रामपंचायतींना आणि पोलीस ठाण्यांना आधी अर्ज. शिवाय हिवाळ्यात या किनाऱ्यांवर ऑलिव्ह रिडले कासवे अंडी घालायला येतात. तेव्हा तंबू कोठे मारावा हे गावातल्या कासवमित्रांना विचारायचे, शेकोटी नाही आणि रात्री वाळूवर दिवे फिरवायचे नाहीत. हैदराबादची इन्कॉइस ही सरकारी संस्था लाटांचे आणि वाऱ्याचे अंदाज देते, ते रोज पाहायचे. पावसाळा सरला तरी डिसेंबरपर्यंत अरबी समुद्रात वादळ उठू शकते, म्हणून दोन दिवस राखीव.

हे सारे एका वहीत सुवाच्य अक्षरात उतरवून मी हर्णैला गेलो आणि एका वयस्क तांडेलांना वाचून दाखवले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले. तिथ्यांना मान डोलावली, दाभोळच्या मुखाची वेळ बरोबर आहे म्हणाले. मग विचारले, "मास्तर, जानारे तुमी मोजलेत. येनारे कोन मोजनार?"

मी हसून म्हणालो, "आम्हीच की!" तेही हसले, पण माझ्याइतके नाही.

वहीत एक नियम क्रमांक चार होता. कयाक उलटली तर बाहेर पडून, सोबत्याने होडी धरल्यावर पाच मिनिटांत ज्याला परत आत चढता येत नाही, त्याने या सफरीवर यायचे नाही. नियम कडक होता, पण सकारण होता. एक माणूस पाण्यात राहिला की त्याला सांभाळायला दोघे अडकतात. तिघेही वाऱ्याबरोबर खडकांकडे वाहू लागतात आणि उरलेल्यांपुढे त्यांना सोडायचे की आपणही अडकायचे, असा प्रश्न उभा राहतो. हा नियम मीच लिहिला होता. स्नेह्यांचे पोट पाहून लिहिला होता, हे आता कबूल करायला हरकत नाही.

भाद्रपदात पोहण्याच्या तलावावर परीक्षा झाली. स्नेही दुसऱ्या मिनिटाला होडीत बसून कपाळ पुशीत होते. मी तीनदा प्रयत्न केला. छाती होडीवर टेकत होती, पण पाय वर येत नव्हते. तिसऱ्या खेपेला कन्येने घड्याळ पाहणे थांबवले. विद्यार्थी म्हणाले, "सर, आम्ही आहोत की!" स्नेही म्हणाले, "लाइफ जॅकेट असते, बुडणार थोडेच?" कन्या काहीच बोलली नाही. वल्ही गोळा करू लागली.

रात्री ती माझ्या खोलीत आली. हातात वही होती, चौथ्या नियमावर बोट होते.

"बाबा, हा नियम तुम्ही लिहिला आहे ना?"

"हो."

"मग मला बोलायला लावू नका."

मला राग आला. खोटे कशाला सांगू? इतके महिने पंचांगात मान घातली ती काही समुद्राच्या प्रेमाने नव्हे. पुढल्या वर्षी ती शिक्षणासाठी दूर जाणार आहे. तीन दिवस तिच्या शेजारून वल्हवत जावे, संध्याकाळी वाळूवर बसून पेजेचा पेला हातात घ्यावा, एवढीच माझी हौस होती. तिलाही हे कळत होते. म्हणूनच तिच्याने बोलवत नव्हते. पण पाच माणसांची जबाबदारी तिच्यावर होती, आणि त्या पाचांत बापासाठी नियम वाकवणारा पुढारी नको होता. तसा पुढारी नको, हे मीच तिला शिकवले असावे. त्या रात्री मात्र ते शिकवल्याचा पश्चात्ताप झाला.

सकाळी मी सहावे नाव खोडले. ते खोडताना तांडेलांचा प्रश्न आठवला आणि त्याचे उत्तर समोरच होते.

आता माझे काम असे. जीपमध्ये तंबू, शिधा आणि पाणी घेऊन मी रस्त्याने जाणार. दाभोळला जीपसकट फेरीबोटीतून धोपाव्याला उतरणार. मंडळी मात्र माणशी पाच लिटर पाणी स्वतःजवळ ठेवतील, कारण जीपही पंक्चर होऊ शकते. माझ्याजवळ प्रत्येकाचे नाव, कयाकचा रंग, निघण्याची आणि पोचण्याची वेळ लिहिलेला कागद. अकराला मंडळी अपेक्षित. बारापर्यंत दिसली नाहीत तर फोन. तो लागला नाही तर एकच्या ठोक्याला तटरक्षक दलाचा १५५४ हा क्रमांक फिरवायचा. 'आणखी थोडे थांबून पाहू' हा पर्याय कागदावर ठेवलेला नाही. भित्रेपणाचा आरोप सोसण्याची तयारी असलेला एक माणूस किनाऱ्यावर लागतो, आणि तेवढी पात्रता माझ्यात आहे.

आपणही असा बेत करणार असाल तर तिथी पाहा, वारा पाहा. पण आधी हा माणूस नेमा. त्याला होडीतल्या जागेनंतर उरलेली जागा देऊ नका.

हा अंक आपल्या हाती पडेल तेव्हा निघायला महिनाही उरला नसेल. गेली वीस वर्षे मी वर्गात कंटाळून हजेरी घेत आलो आहे. नवमीला अकरा वाजता कोळथऱ्याच्या वाळूवर मी पाच नावांचा कागद घेऊन उभा असेन. तेव्हा एकही नाव गाळणार नाही.