दर्शन परीक्षा आणि डॉ. ओता मासाओ

आपल्या शास्त्रात रुग्णपरीक्षेचा आरंभ दर्शनाने होतो. स्पर्शन व प्रश्न त्यानंतर येतात. पाठात अग्रस्थानी असलेले हे दर्शन आज व्यवहारात मात्र सर्वांत मागे पडले आहे, असे आम्हांस वाटते. रुग्ण आसनस्थ होण्यापूर्वीच त्याचे तपासणी अहवाल वैद्यासमोर येतात, आणि काष्ठौषधींचे पोते उघडण्यापूर्वीच वरची चिठ्ठी वाचून माल उतरवून घेतला जातो. या दृष्टीने एका जपानी वैद्याचे चरित्र आमच्या वैद्यबंधूंनी व औषधी भांडारांच्या चालकांनी आवर्जून समजून घ्यावे असे आहे.

डॉ. ओता मासाओ यांचा जन्म १८८५ साली शिझुओका प्रांतातील इतो या सागरकाठच्या गावी झाला. चित्रकार व्हावे ही त्यांची तारुण्यातील ओढ. घरच्यांस ती मान्य नव्हती. १९११ साली ते तोक्यो येथे वैद्यकाचे पदवीधर झाले आणि त्यांनी त्वचारोग हा विषय पत्करला. ‘किनोशिता मोकुतारो’ या टोपणनावाने त्यांनी कविता व नाटके लिहिली, आणि जपानी साहित्यात ते याच नावाने ओळखले जातात. त्वचारोगाच्या ग्रंथांत मात्र ते ‘नीव्हस ऑफ ओटा’ या संज्ञेच्या रूपाने राहिले आहेत. डोळ्याभोवती व गालावर, बहुधा एकाच बाजूस, दिसणारा निळसर-करडा डाग, जो कधी नेत्राच्या शुभ्र भागावरही उतरतो, त्याचे वर्णन त्यांनी १९३८-३९ च्या सुमारास केले. सुश्रुतोक्त नीलिकेची येथे कोणासही आठवण होईल. दोन्ही व्याधी एकच, असा आमचा आग्रह नाही. परंतु मुखावरील वर्ण कोठून कोठवर पसरला आहे हे न्याहाळणारी दृष्टी दोन्हीकडे एकाच जातीची आहे. तत्पूर्वी, १९२३ साली, पॅरिस येथे लांजरों यांच्यासह त्यांनी त्वचेवरील बुरशींचे वर्गीकरण मांडले होते. त्याही कामाचा पाया आकारांचे सूक्ष्म अवलोकन हाच होता.

या दृष्टीची खरी कसोटी लागली ती महाकुष्ठाच्या प्रश्नात. जपानने १९३१ च्या कायद्याने सर्व कुष्ठरुग्णांना वसाहतींत सक्तीने विलग ठेवण्याचे धोरण स्वीकारले होते. तज्ज्ञांतील वजनदार मंडळी त्या धोरणाच्या बाजूस होती. डॉ. ओता यांचे मत निराळे होते. हा रोग असाध्य नाही, विलगीकरण हा त्यावरचा उत्तम उपाय नव्हे, औषधोपचाराचे संशोधन हाच खरा मार्ग आहे, असे ते मांडीत राहिले. त्या काळी तेथे प्रमुख औषध होते चौलमुग्रा वर्गातील तेल, म्हणजे सुश्रुताने चिकित्सास्थानात पश्चिम समुद्राकाठचे म्हणून सांगितलेल्या तुवरकाच्याच कुळातले. आपल्या सह्याद्रीत त्याला कडू कवठ म्हणतात. १९४१ साली अमेरिकेत सल्फोन औषधाचा प्रयोग यशस्वी ठरू लागला, आणि संशोधनाचा मार्ग बरोबर असल्याचे दिसून आले. तरीही जपानमधील विलगीकरणाचा कायदा १९९६ पर्यंत टिकला, आणि २००१ साली कुमामोतो येथील न्यायालयाने तो घटनाबाह्य होता असा निर्वाळा दिला. कित्येकांची आयुष्ये तोवर कुंपणाआड सरली होती.

मार्च १९४३ पासून जुलै १९४५ पर्यंत, महायुद्धाच्या त्या भीषण काळात, डॉ. ओता यांनी वनस्पतींची ८७२ रंगीत चित्रे काढली. उंची कागद नव्हे, साधे रेघांचे कागद. शेजारी तारीख, कोठे नाव, कोठे चार ओळींची टिपणी. दिवसा विद्यापीठातील काम, आणि रात्री समोर एखादी फांदी. अखेरच्या महिन्यांत ते स्वतः जठराच्या कर्करोगाने ग्रासले होते. शेवटचे चित्र जपानी डोंगरी लिलीचे आहे. १५ ऑक्टोबर १९४५ रोजी त्यांचे निधन झाले. या संग्रहास ‘शतपुष्पावली’ असे मराठी नाव शोभेल.

कोणी म्हणेल, हा कलावंताचा छंद आहे. दहा ते पाच दवाखाना चालविणाऱ्याचे हे काम नव्हे. आम्हांस हा आक्षेप मान्य नाही. पान संमुख की एकांतर, देठ किती लांब, कडा सरळ की लहरी, याचा निर्णय घेतल्याविना पेन्सिल पुढे सरकतच नाही. आपल्याकडे ब्राह्मी म्हणून जलनीम हवी असताना मंडूकपर्णी येते, शंखपुष्पीच्या नावे कोठे विष्णुक्रांता तर कोठे गोकर्ण मिळते, आणि सीताअशोकाच्या सालीऐवजी आसुपालवाची साल खपविली जाते. जलनीमीचे बारीक मांसल पान आणि मंडूकपर्णीचे लांब देठाचे वृक्काकार पान एकदा जरी स्वहस्ते रेखाटले असेल, तर त्यांची गल्लत कशी व्हावी? सालीच्या तुकड्यांचा प्रश्न अधिक अवघड आहे, हे खरे. तेथे गंध, भंग आणि प्रयोगशाळा यांचे साहाय्य घ्यावेच लागते.

औषधी भांडारांच्या चालकांस आमची विनंती एवढीच की, येणाऱ्या प्रत्येक नव्या द्रव्याचा एक नमुना बाजूस काढावा. ज्याच्याकडे मालाची पारख सोपविली आहे त्याने त्याचे रेखाटन एका वहीत तारखेसह करावे, आणि पुढील खेप आली की ती वही उघडून माल ताडून पाहावा. रेखाटन सुबक असण्याची गरज नाही. वैद्यांनीही त्वचेवरील मंडलांसाठी केसपेपरच्या मागील कोरी बाजू वापरावी.