नोकरीनंतरचा अभ्यास

नोकरी लागली की पुस्तके माळ्यावर टाकायची, ही आपल्याकडची जुनी रीत. पुढचे काय ते कचेरीने शिकवावे! पण कचेरी शिकविते ते तिच्या गरजेपुरते. बढतीच्या वेळी धाकटा सहकारी पुढे जातो आणि आपण दैवाला बोल लावतो. भारत सरकारने २०१७ साली आंतरजालावर सुरू केलेल्या ‘स्वयम्’ पाठशाळेत घरबसल्या विनामूल्य शिकता येते. शुल्क पडते ते परीक्षेपुरते. तेथील एनपीटेलच्या अभ्यासक्रमांत शंभरांपैकी २५ गुण साप्ताहिक स्वाध्यायांना असतात. आमच्या मते खरे मोल त्यांचेच. दर आठवड्यास वही उघडावयास लावतात ते तेच. विषय निवडताना मात्र भारदस्त नावाला भुलू नये. कामात आपण कोठे अडतो, कोणाला विचारावे लागते, हे आठवडाभर टिपावे. जे वारंवार येईल तेथून आरंभ करावा.