धुक्यातल्या होड्या आणि आपला कापूस

क्लोद मोने या फ्रेंच चित्रकाराचे ‘इंप्रेशन, सनराइज’ हे चित्र म्हणजे निव्वळ प्रकाशाचा खेळ, असे सर्रास म्हटले जाते. मला हे म्हणणे अपुरे वाटते.

१८७२ सालच्या या चित्रात ल हाव्र बंदरातली पहाट आहे. नारिंगी सूर्य, निळसर धुके, पुढे लहान होड्या. १८७४ साली पॅरिसच्या प्रदर्शनात ते मांडले गेले, तेव्हा टीकाकार लुई लरवा याने त्याची टर उडवली. त्या थट्टेतूनच ‘इंप्रेशनिस्ट’ हे नाव रूढ झाले. पण धुक्यात जरा निरखून पाहावे. मागे जहाजांच्या डोलकाठ्या, क्रेन, धूर सोडणारी धुरांडी आहेत. होडीतला उभा माणूस म्हणजे कुंचल्याचे दोन-चार फटकारे! पहाटे कामाला निघालेला माणूस दुरून असाच दिसतो. नाक-डोळे नव्हे, नुसती ढब.

समुद्र न पाहिलेल्या वऱ्हाडी विद्यार्थ्याला हे चित्र परके का वाटावे? ल हाव्र हे त्या काळी फ्रान्सचे कापसाचे मोठे बंदर होते; आणि आपल्या भागातला कापूस युरोपच्या बाजारात अमरावतीवरून पडलेल्या ‘उमरा’ या नावाने ओळखला जाई. जिनिंगच्या फाटकाशी थंडीत ताटकळणाऱ्या कापसाच्या गाड्या ज्याने पाहिल्या, त्याला या होड्या समजायला टीकाग्रंथ लागत नाही.

प्रकाशाचे कौतुक जरूर करावे. पण त्या प्रकाशात कामाला निघालेले कोण, हेही विचारावे.